मुठीतले बळ

पन्नाशी उलटल्यावर माणसाने तीर्थयात्रेला निघावे, असा आपल्याकडचा रिवाज. मी मात्र पिंपळगाव बसवंतातल्या एका व्यायामशाळेत नाव नोंदवले. डॉक्टरांनी पाठीसाठी थोडी वजने उचलायला सांगितले होते. 'थोडी' हा शब्द मी सोयीस्करपणे विसरलो.

जमिनीवरची वजनाची दांडी उचलून ताठ उभे राहायचे, त्याला तिथली पोरे 'डेडलिफ्ट' म्हणतात. 60 किलोला माझी पाठ कुरकुरत नसे, पण बोटे आधीच उलगडत. तेव्हा एकाने मला कापडी पट्टे दिले. मनगटाला फास घालायचा, उरलेला पट्टा दांडीला गुंडाळायचा. बोटांवरचा बराचसा भार मनगटावर जातो. काय सांगू! थोड्याच महिन्यांत मी 90 किलोंवर गेलो. हा आकडा घरी रोज जेवताना ऐकवू लागलो. "अहो, मग तेवढे दळण आणा की," सौ. म्हणाली.

त्या चैत्रात आईला घेऊन सप्तशृंगीच्या गडावर गेलो. तिचे वय 78, तरी ट्रॉली नको, पायऱ्यांनीच जायचे, हा तिचा हट्ट. उतरताना तिचा पाय घसरला. मी झटकन तिचा हात धरला, आणि तो माझ्या मुठीतून निसटला. खरोखर निसटला! ती पडली नाही, कारण तिने माझे मनगट पकडले होते. विहिरीचे पोहरे ओढलेली, जात्याचा खुंटा फिरवलेली ती बोटे सुटली नाहीत. त्यांचे वळ दोन दिवस राहिले. मी पट्टा बांधीत असे, नेमके तिथेच.

मल्लखांबाचे बाळंभटदादा देवधर आमच्याच निफाड तालुक्यातल्या कोठुऱ्याचे. तेल चोळलेल्या खांबाला पकड घालायची, ती उघड्या अंगाने. तिथे कुठला पट्टा?

तुम्ही म्हणाल, पट्टे वाईटच. तसे नाही. पाठीचे नि मांड्यांचे स्नायू मोठे; बोटे दमली म्हणून त्यांना उपाशी का ठेवावे? हमालही गोणीला आकडा लावतोच. मात्र पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत डेडलिफ्टला पट्टे चालत नाहीत. आणि घसरणारे माणूस काही आपण पट्टा बांधेपर्यंत थांबत नाही.

आता मी पट्टे फक्त शेवटच्या जड खेपेला बांधतो. बाकी सारे उघड्या हातांनी. निघताना आडव्या दांडीला लोंबकळतो. पहिल्या दिवशी 11 सेकंदांत खाली आलो होतो, आता 40 पर्यंत टिकतो. बाजारातून भाजीच्या दोन्ही पिशव्याही स्कूटरला न अडकवता हातांतच आणतो.

संध्याकाळी आई हात पुढे करते. "दाब बघू," म्हणते. मी दाबतो.

"अजून नाही रे," ती म्हणते; पण हात मात्र तसाच माझ्या हातात राहू देते.