दवाखान्यातून सोडल्यावर वाडीवर कोण जातं?

रोहा तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवरची तरुणी जीव देण्याचा प्रयत्न करून वाचली. चार दिवसांनी दवाखान्याने तिला सोडलं, हातात चिठ्ठी दिली : पंधरा दिवसांनी मानसोपचार विभागात दाखवा. जायला भाडं आहे का, सोबत कोण येणार, कोणीही विचारलं नाही. चौकशीला आलेल्या माणसाने मात्र पुन्हा केलंस तर आत टाकीन, असा दम दिला. ज्या जमातीने इंग्रजांच्या काळापासून गुन्हेगारीचा शिक्का सोसला, तिच्यातली मुलगी यानंतर दवाखान्याची पायरी चढेल का?

कायदा याच्या उलट सांगतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ म्हणतं की अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरा, तिला शिक्षा करू नका. आणि पुन्हा तसं घडू नये म्हणून काळजी, उपचार, पुनर्वसन हे सरकारचं कर्तव्य आहे. पुनर्वसन म्हणजे ती चिठ्ठी का?

एकदा प्रयत्न केलेल्या माणसाला पुढचा धोका सर्वांत जास्त असतो. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी एक साधी गोष्ट करून पाहिली. दवाखान्यातून सोडताना तासभर नीट बोलायचं, मग अठरा महिन्यांत नऊ वेळा फोन करून किंवा घरी जाऊन विचारपूस करायची. २००८ साली निष्कर्ष छापून आले : ज्यांची अशी विचारपूस झाली त्यांच्यात आत्महत्येने झालेले मृत्यू बरेच कमी होते.

पण घरी जाणार कोण? ऑस्ट्रेलियातले आदिवासी म्हणतात, आमच्या माणसाला आमची माणसं सावरतील. तिथे त्यांच्याच संस्था हे काम करतात. वडीलधारी, नातलग, आपली जमीन, आपली भाषा, हे सगळं त्यात येतं.

आम्ही अष्टमीचे बौद्ध कार्यकर्ते. जय भीम म्हटल्याने आम्ही कातकरी होत नाही. वाडीवर गेलो की मुलगी पदर ओढून गप्प बसायची. बोलली ती आत्याशी, मोळी आणायला जाताना. तेव्हा कळलं की वीटभट्टीची उचल फिटत नव्हती आणि मुकादम रोज दारात यायचा. हे कुठला समुपदेशक खुर्चीत बसून काढणार होता? आमचं काम उचलीचा हिशोब मागणं, मुकादमासमोर उभं राहणं. सोबत बसायचं काम आत्याचं.

रोहित वेमुला गेला, डॉ. पायल तडवी गेली, आपण रस्त्यावर उतरलो. उतरायलाच हवं होतं. पण जे वाचतात त्यांच्यासाठी चळवळीकडे काय आहे?

पेणला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. आमची मागणी आहे की प्रत्येक वाडीतल्या दोन बायकांना या कामाचं प्रशिक्षण आणि रोजची मजुरी द्या. फुकट सेवा नको, आत्याचाही रोज बुडतो. निवेदन तयार आहे. सही करायला वाड्यावाड्यांतून या.

मनात असे विचार येत असतील तर १४४१६ हा टेली मानसचा मोफत नंबर रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं.