शेजारी कोण येतं-जातं?

‘शेजारी कोण येतं-जातं?’ हा प्रश्न विचारायला मी मुंबईत देवनारला, टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये (टिस) शिकले. माणूस कुणाच्या आधारावर तगून आहे ते समजावं, एवढाच त्याचा हेतू. इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, समाजकार्याच्या नोकरीत आले तरी बरीच वर्षं तो मी तसाच विचारत असे. आता तो विचारला की समोरच्या आजी सावध होतात. शेजारीण दुपारचं जेवण आणून देते असं सांगितलं, तर कौन्सिलच्या मदतनिसाची दुपारची फेरी जाईल, हे त्यांना कळतं. आणि त्यांची भीती खरी असते.

२०१० नंतर तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी कौन्सिलांच्या अनुदानाला कात्री लावली. अपंगांना स्वतंत्रपणे राहण्यासाठी पैसे देणारा इंडिपेंडंट लिव्हिंग फंड २०१५च्या जूनमध्ये बंद झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लागू झालेला केअर ॲक्ट, म्हणजे प्रौढांच्या देखभालीचा कायदा, मात्र मला आजही चांगला वाटतो. रोजच्या जगण्यातल्या दहापैकी निदान दोन बाबी जमत नसतील आणि त्याचा जगण्यावर ठळक परिणाम होत असेल, तर माणूस मदतीला पात्र. हे ठरवताना घरच्यांची मदत धरायची नाही. पण पात्र ठरल्यावर, जे कुणी आपणहून करतंय ते कौन्सिलने देणं बंधनकारक नाही. सगळी काटछाट या फटीतून होते.

‘उणिवा मोजू नका, बलस्थानं पाहा’ ही आम्हा समाजकार्यकर्त्यांचीच मागणी होती. स्वावलंबनासाठी अपंगांची चळवळ रस्त्यावर उतरून भांडली. आज तेच शब्द हिशेब खात्याच्या बैठकीत ऐकू येतात. बलस्थानांची प्रशिक्षणं देत फिरणाऱ्या सल्लागारांचा मला मनापासून राग आहे. नाकारलेल्या तासांची बातमी घेऊन आजींच्या दारात त्यांना जावं लागत नाही.

माणसाच्या गरजांबद्दल मी लिहिलेली असेसमेंट, तास मंजूर करणाऱ्या पॅनलकडून सहसा परत येत नाही. कुठलं वाक्य आधी, कुठलं मोघम ठेवायचं, हे मला जमतं, आणि ऑफिसात त्यासाठी माझ्याकडे लोक येतात ते मला आवडतं. सध्या हाताखाली असलेली विद्यार्थिनी हे शिकायला तयार नाही. प्रश्न विचारण्याआधीच ती सांगते, ‘याचं उत्तर मी लिहिणार, आणि त्यावरून तुमचे तास कमी होऊ शकतात.’ तरीही लोक तिला जास्त सांगतात. एका आजींना जेवण आणून देणाऱ्या शेजारणीचे स्वतःचे गुडघे गेलेत, हे तिलाच कळलं. मला कधी कुणी सांगितलं नसतं. ते तिने ठळक लिहिलं, जेवणाची गोष्टही न लपवता.

पॅनल तो कागद परत पाठवेल असं मला वाटतं. मग ती दुरुस्तीसाठी माझ्याकडे येईल, याची मी वाट पाहतेय. आली नाही, तर मला लागेल.