नजर कोपऱ्यावर

भातकापणी उरकली की कोंडाणे गावाची खाचरं पोरांच्या ताब्यात जातात. लेण्यांकडे निघालेली वाट मागे पडते, वर राजमाचीचा डोंगर, आणि खाली धसकटं तुडवत फुटबॉल. दोन बांबू रोवले की गोल तयार. नियमातला गोल 7.32 मीटर रुंद; इथे तो पावलांनी मोजतात.

त्यातला एक किडकिडीत मुलगा माझ्या मनातून जात नाही. गोल मोकळा असला की तो चेंडू हव्या त्या बांबूला चाटून आत घालतो. थोरला चुलतभाऊ मधे उभा राहिला की तोच चेंडू सरळ भावाच्या छातीवर. अंतर तेच, पाय तोच. बांधावरचे म्हणतात, ‘घाबरतोय.’ खरं आहे. पण ती भीती पायात नसते. धावत येताना तो सारखा भावाकडेच बघत असतो.

इंग्लंडमध्ये मार्क विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली हेच तपासलं. पेनल्टी मारणाऱ्यांची नजर कुठे जाते ते यंत्राने टिपलं. मनावर दडपण आलं की नजर गोलकीपरवर लवकर जाते, तिथेच जास्त वेळ खिळते आणि फटका गोलाच्या मध्याकडे, त्याच्या हाताशी येतो. आत्मविश्वासाच्या नावाखाली आपण पोरांना छाती काढून उभं राहायला शिकवतो. मला वाटतं, समोर माणूस असतानाही मोकळा कोपरा दिसत राहणं, हाच फुटबॉलमधला आत्मविश्वास.

तो येतो कुठून? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी 1977 साली मांडलं, की आपल्याला जमेल हा भरवसा सगळ्यांत पक्का होतो तो आधी स्वतः जमवलेल्या गोष्टींतून. शाबासकीचा जोर त्यापुढे कमीच. म्हणजे दडपणाखाली जमायला हवं, तर सरावही दडपणाखालीच हवा. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर भरल्या गर्दीपुढे खेळतात. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या संघात असलेला अनिकेत जाधव त्याच गावचा. कोंडाण्यात तशी गर्दी कुठून आणणार? पण गोलात माणूस उभा करायला काही लागत नाही. मोकळ्या गोलात मारलेल्या शंभर किकांनी फक्त मोकळ्या गोलाचाच भरवसा येतो.

आणि चुकणं कुणाला चुकलंय? 1994 च्या विश्वचषक अंतिम सामन्यात इटलीच्या रॉबर्टो बाजोची पेनल्टी बारवरून गेली आणि कप ब्राझीलला गेला. 1998 च्या विश्वचषकात चिलीविरुद्ध इटली मागे असताना, शेवटच्या काही मिनिटांत पेनल्टी घ्यायला पुन्हा तोच उभा राहिला. गोल झाला, सामना बरोबरीत सुटला. मला त्या गोलापेक्षा चेंडू पुन्हा त्याच्याकडे दिला गेला, हे मोठं वाटतं.

आमच्या खाचरात मात्र एक किक हुकली की ‘आता तू नको’ म्हणत चेंडू दुसऱ्याकडे जातो. तसं करू नका, एवढंच त्या बांधावरच्या मोठ्यांना माझं सांगणं आहे. त्या किडकिडीत पोरालाच परत मारू द्या, भावाला गोलात तसाच उभा ठेवून; आणि धाव घेण्याआधी कोपरा त्याचा त्याला ठरवू द्या.