दुसरा पर्याय

कथन आणि कारण. दोन्ही खरी. आता त्या कारणामुळेच कथन घडले का, एवढेच ठरवायचे. नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात शंभर प्रश्न असतात, त्यांत असे थोडेच. पण माझी इतक्या वर्षांची शिकवणी या थोड्यांभोवतीच फिरत राहिली आहे. तिसरा आणि चौथा पर्याय मला कधी छळत नाहीत. एक विधान खोटे असले की अभ्यास केलेल्याच्या ते लक्षात येतेच. जोड्या लावणे, कालानुक्रम लावणे हेही पाठांतराने साधते. पहिला की दुसरा, म्हणजे कारण हे कथनाचे योग्य स्पष्टीकरण आहे की नाही, इथे मात्र चांगल्या तयारीची मुले गुण सोडून येतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून ठोकून देतात. मग उत्तरतालिका येते आणि कळते की याच प्रश्नांनी कटऑफच्या अलीकडे ठेवले.

संग्रामपुरात रविवारी सकाळी मी जनसंवाद व पत्रकारितेच्या नेट-सेटसाठी शिकवतो. टुनकी, सोनाळा, बावनबीर, वरवट बकाल, पातुर्डा अशा गावांतून मुले येतात. कुणी एखाद्या दैनिकाचा गावचा वार्ताहर, कुणी अमरावतीहून शिकून परतलेला आणि शेती बघत अभ्यास करणारा. मी स्वतः तालुका वार्ताहर होतो, नंतर नेट झालो, तासिका तत्त्वावर शिकवले. एक गोष्ट मला फार आवडते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. पेपर सुटला की मुले केंद्राच्या फाटकातूनच फोन करतात, "सर, त्याचं उत्तर एक का दोन?" मी सांगतो, आणि पुढे अधिकृत उत्तरतालिका माझ्या उत्तराशी जुळली की तो आनंद मला बरेच दिवस पुरतो. भिंतीवर उत्तीर्ण मुलांच्या बातम्यांची कात्रणे आहेत. त्यांतले एकही कात्रण मी आपले नाव शोधल्याशिवाय चिकटवलेले नाही.

माझी जुनी रीत सोपी होती. दोन विधानांच्या मध्ये 'कारण' घालायचे आणि वाक्य सलग वाचायचे. ओघात बसले तर पहिला पर्याय, अडखळले तर दुसरा. ही रीत पुष्कळदा चालते, म्हणून ती मुलांच्या तोंडी बसली होती आणि माझ्या नावाने ओळखली जात होती.

ती मोडली खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागातल्या, एका गावाहून येणाऱ्या मुलीने. मी एक प्रश्न रचून दिला होता. कथन: लोकांनी कोणत्या विषयांचा विचार करावा हे माध्यमे ठरवतात. कारण: १९६८ च्या अमेरिकी निवडणुकीत चॅपेल हिलच्या मतदारांना महत्त्वाचे वाटलेले विषय आणि माध्यमांनी मोठे केलेले विषय यांचा क्रम जवळपास सारखा निघाला. मध्ये 'कारण' घालून वाचले की वाक्य अगदी चोख बसते. सगळ्या वर्गाने 'एक' म्हटले. ही म्हणाली, "मंग सर, पेपरात वाचून लोकायनं ठरोलं, का लोकायचं आयकून पेपरवाल्यायनं छापलं?"

मॅककॉम्ब्स आणि शॉ यांनी तो अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. मत कुणाला द्यायचे हे न ठरवलेले शंभर मतदार त्यांनी गाठले होते. दोन याद्या जुळल्या, हे खरे. पण जुळणे हा पुरावा झाला. आधी कोण आणि नंतर कोण, हे त्या एका पाहणीतून निघत नाही. अभ्यासकांनाही ते ठाऊक होते. म्हणून तर १९७२ च्या निवडणुकीत शार्लट शहरात त्याच मतदारांना पुन्हा पुन्हा भेटून पाहिले गेले, आणि पुढे आयेंगर व किंडर यांनी लोकांना मुद्दाम फेरफार केलेली बातमीपत्रे दाखवून प्रयोग केले. या अभ्यासाचा सगळा पुढचा इतिहास म्हणजे कथन-कारणाचाच प्रश्न आहे: दुसऱ्या पर्यायावरून पहिल्या पर्यायावर जायला काय लागते? माझ्या नोट्समध्ये हे सारे वेगवेगळ्या पानांवर वर्षांसह पडलेले होते. तिच्या एका वाक्याने ती पाने शेजारी शेजारी आली.

तेव्हापासून मी 'कारण' घालून वाचायला सांगणे बंद केले. आता विचारतो, हे कारण नसते तर कथन घडले नसते, असे कुणी पाहिले आहे का? हे पाहणे कसे असते ते सांगायला माझ्याकडे आपल्याच मातीतले उदाहरण आहे. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने, युनेस्कोच्या मदतीने, पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत श्रोता मंडळे चालवली. गावकऱ्यांनी एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर बोलायचे आणि शंका केंद्राला कळवायच्या. मुले हे 'पुणे, १९५६, पॉल न्यूरथ' एवढेच पाठ करतात. मला न्यूरथ आवडतो तो त्याने तुलनेला घेतलेल्या गावांसाठी. मंडळ असलेली गावे त्याने पाहिलीच. शिवाय रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावे पाहिली, आणि रेडिओच नाही अशीही. मंडळांच्या गावांत माहिती स्पष्ट वाढली, नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारसा फरक पडला नाही. 'लोक शहाणे झाले, कारण एकत्र बसून बोलले' असे म्हणण्याचा अधिकार त्याला त्या तुलनेने दिला. पहिला पर्याय असा कमवावा लागतो.

आता मुलांच्या मोबाइलवर 'वन-लायनर'च्या पीडीएफ येऊन पडतात. हिकीचे गॅझेट १७८०, दर्पण १८३२, मूकनायक १९२०, मॅकब्राइड अहवाल १९८०. तारखांना माझा विरोध नाही. नंतर घडलेले आधीच्याचे कारण होऊ शकत नाही, हे समजायला तारीखच लागते. माझा राग आहे तो शॉर्ट ट्रिक विकणाऱ्यांवर. 'केवळ' किंवा 'सर्व' दिसले की विधान खोटे, कारण लांबलचक असेल तर पहिला पर्याय, असे ते शिकवतात. मुले पैसे भरतात, आणि काहींना यशही मिळते, हे मला सलते. अशी मुले उद्या पत्रकारितेच्या विभागात शिकवायला उभी राहतील. परीक्षेचा पेपरही आमच्या मुलांना मदत करत नाही. तो हिंदी आणि इंग्रजीतच येतो, आणि वृत्तपत्रांचा इतिहास विचारला तर मी पाहिलेल्या पेपरांत कलकत्ता, मुंबई, मद्रास याच शहरांचा भरणा. मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून पन्नासहून जास्त वर्षे 'दीनमित्र' चालवले, त्यातला मोठा काळ तरवडीसारख्या खेड्यातून. खेड्यात शाई-कागद आणून सत्यशोधक पत्र काढणाऱ्या या माणसावर एकदा तरी प्रश्न यावा, अशी माझी फार इच्छा आहे. आमच्या गावच्या वार्ताहरांना त्या नावाने बळ येईल. आज त्यांच्याकडून बातमीच्या आधी जाहिरातीचा हिशेब मागितला जातो, आणि बातमी पाठवायची ती दुसऱ्याच्या मोबाइलवर पडायच्या आत.

या घाईत काय होते ते जानेवारी २०२५ मध्ये आम्ही शेजारीच पाहिले. शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, काही दिवसांत टक्कल पडू लागले. दिल्ली-मुंबईचे कॅमेरे त्या गावांत आले. पहिल्या बातम्यांत पाणी होते. पाण्याचे नमुने तपासले, नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले. हे खरे. केस गळाले, हेही खरे. मध्ये 'कारण' घातले की मथळा तयार. पाठोपाठ बुरशीचा संसर्ग आला. नंतर डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. पाणी तर तिथे आधीपासूनच तसेच खारे होते. मग केस याच महिन्यात का गळावेत, हा प्रश्न पहिल्या दिवशी मथळ्यात यायला हवा होता. ती कात्रणे मी तारखेच्या क्रमाने वर्गात वाटली आणि प्रत्येक मथळ्यापुढे पर्यायाचा आकडा लिहायला सांगितला. वार्ताहरीत असलेल्या मुलांनी सगळ्यांत जास्त वेळ घेतला. त्यांच्यातल्या काहींनी त्या दिवसांत स्वतः बातम्या दिल्या होत्या.

माझी जुनी रीत मोडणारी ती मुलगी १८ जून २०२४ ला नेटला बसली होती. दुसऱ्याच दिवशी परीक्षा रद्द झाली. शेगाव स्टेशनवर उतरलेली मुले घरी पोचून जेमतेम झोपली होती, तोच बातमी आली. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुन्हा परीक्षा झाली, या वेळी संगणकावर. तात्पुरती उत्तरतालिका आली तेव्हा तिने एका कथन-कारणाच्या उत्तरावर आक्षेप नोंदवायचा ठरवले. एका प्रश्नाला दोनशे रुपये, परत न मिळणारे. माझे उत्तर तालिकेशी जुळत होते. मी तिला म्हणालो, "पैसे कशाला घालतेस? तालिका बरोबर आहे." तिने भरले. पैसे वाचवायचे म्हणून मी तसे बोललो, असे मी स्वतःला सांगत होतो. माझे जुळलेले उत्तर कुणी हलवू नये, हे त्यात होतेच. ती सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र ठरली, संशोधनाची शिष्यवृत्ती, जेआरएफ, हुकली. कात्रण भिंतीवर लावले, आणि त्यात माझे नाव पहिल्याच ओळीत आहे हे मी पाहून घेतले.

आता ती पीएच.डी.च्या प्रवेशासाठी आराखडा लिहिते आहे. विषय तिच्या दारातला. पूर्णेच्या खोऱ्यात आमच्या तालुक्याचा दक्षिणेकडचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही. किडनीचे रुग्ण त्या गावांत पुष्कळ, तिच्या घरातही एक. मी वार्ताहर असताना या विषयावर मालिका लिहिली होती, ती माझी सगळ्यांत नावाजलेली बातमी. खारे पाणी, म्हणून किडन्या गेल्या, असे मी ठामपणे मांडले होते, आणि आजही माझे मन तिकडेच आहे. ती मालिका तिने वाचली आणि कडेला पेन्सिलीने 'दोन?' लिहून परत दिली. डायलिसिसला माणूस नेताना जिने रात्री गाडी शोधली आहे, ती दुसऱ्या पर्यायावर थांबायला तयार आहे. तिचे म्हणणे, पाणी कारण असेलही. पण शेतातले उन्हातले काम, फवारणी, दुखण्यावरच्या गोळ्या, उशिरा झालेले निदान हे सगळे बाजूला काढून कुणी मोजले आहे का? आणि वृत्तपत्रांनी पंचवीस-तीस वर्षे एकच कारण छापले, त्याने गावाचे बोलणे कसे घडले, हा तिच्या अभ्यासाचा खरा गाभा.

न्यूरथची गावे तिने इथेच शोधली आहेत. वान धरणावरच्या १४० गावांच्या योजनेचे गोडे पाणी प्रत्येक गावाला एकाच वर्षी पोचलेले नाही. ज्या गावात ते आधी आले आणि ज्यात उशिरा, त्यांची तुलना करता येईल. त्यासाठी गावोगावच्या तारखा हव्यात. जुनी ओळख असल्याने ग्रामपंचायतींची दप्तरे उघडून घेण्याचे काम तिने माझ्यावर सोपवले आहे. आठवड्यातले दोन दिवस मी त्यासाठी काढतो. नळ कधी बसला याची नोंद बहुतेक ठिकाणी सापडते. नळाला पाणी खरोखर कधी आले, ते बायकांना विचारून घ्यावे लागते, आणि त्या दोन तारखांत कधी कधी वर्षांचे अंतर निघते.