कराव्याची लक्ष्मी

पाम बीच रस्त्यावरून मोटारीने जाणाऱ्यांना करावे गाव सहसा दिसत नाही. एका अंगाला खाडी, तिवरे आणि थंडीत टी. एस. चाणक्यच्या पाणथळीत उतरणारे रोहित. दुसऱ्या अंगाला उंच इमारती. त्यांच्या आड हे आगरी-कोळ्यांचे गाव दडलेले. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पुढे आसपासच्या शेतांचे सेक्टर झाले.

तिथल्या माझ्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, आजीचं घर पाडायचंय. एक जुनी तसबीर आहे, ठेवण्यासारखी आहे का बघाल?" मराठी शिकवणाऱ्याला चित्रातलेही कळते, असा मुलांचा समज असतो. तो मी कधी मोडला नाही.

तसबीर म्हणजे रविवर्मा छापखान्याची लक्ष्मी. कमळावर उभी. कुणीतरी तिच्या लुगड्यावर जर आणि टिकल्या टाचलेल्या, कडा दमट हवेने खाल्लेल्या. मी गप्प राहिलो, कारण असल्या चित्रांना मी वर्गात 'कॅलेंडरछाप' म्हणून हसलो होतो.

मला औंध आठवले. सातारा जिल्ह्यातल्या त्या गावी यमाईच्या डोंगरावर भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली वस्तुसंग्रहालय उभारले. रविवर्मा, धुरंधर अशांची चित्रे तिथे पाहताना वाटते, हा राजा नुसता शौकीन. पण याच राजाने १९३९ साली आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवली! गांधीजींचा सल्ला आणि मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनिअरची मदत घेऊन संस्थानाला स्वराज्याची घटना मिळाली. चित्रांच्या दालनातून बाहेर पडताना हे कळले की पुन्हा आत जावेसे वाटते.

युरोपात रोमँटिक चित्रकारांनी हेच केले. देलाक्र्वाने १८३० साली स्वातंत्र्यालाच हाती झेंडा घेतलेली बाई करून टाकले. आपल्याकडे अवनींद्रनाथांची भारतमाता १९०५ ची, हातांत पुस्तक, भाताच्या लोंब्या, वस्त्र आणि माळ. पण ती किती जणांनी पाहिली असेल? रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, जर्मनीहून यंत्रे आणि माणसे आणली, आणि दमयंती, सरस्वती, लक्ष्मी घरोघर गेल्या. ज्याला देवळात पाऊल टाकू देत नव्हते, त्याच्याही भिंतीवर ती लक्ष्मी टांगता येऊ लागली. देशभरच्या भिंतींवर एकच चेहरा. असला प्रकार त्यापूर्वी आपल्याकडे कुठे होता? आमच्या समीक्षकांनी त्याला भडक म्हटले. भडक तर आहेच. पण देश जन्माला येताना रंग जरा ओतप्रोतच असायचे.

हे सारे विद्यार्थ्याला सांगत होतो, तोच आजी आतून आल्या. वय ऐंशीच्या पुढे. माझे अवनींद्रनाथ त्यांना काय कळणार, असे वाटले. त्या म्हणाल्या, "मास्तर, ही माझे सासूची हाय. टिकल्या तिनं लावल्या, दिव्याचे उजेडात. शेती गेली, आता घर चाललं. ही नाय जानार."

मी विचारले, "ही कोणाची लक्ष्मी म्हणायची, आजी?"

"घराची," त्या म्हणाल्या. मग पडक्या ओट्याकडे पाहून पुसटशा हसल्या. "आता भाड्याचे घराची."

विद्यार्थ्याने मला औंधला विचारून बघा म्हटले, संग्रहालयाला हवी असेल तर. मी आजींकडे पाहिले आणि विषय काढला नाही. तसबीर खाली उतरवली, तर मागच्या भिंतीवर तेवढाच चौकोन निळा, बाकी सगळी भिंत धुराने काळी. आजींनी ती आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि माझ्या हाती दिली. गल्लीच्या टोकाला भाड्याची खोली होती. मी पुढे, त्या मागे.

"तोंड वर धरा," त्या दर चार पावलांवर बजावत होत्या.