माळ्यावरची शाळा

मैत्रिणींनो, तुमच्या माळ्यावर काय काय आहे, हे मी न बघताही सांगू शकेन. लग्नकार्यात लागणारी मोठी पातेली, पाहुण्यांच्या गाद्या, गणपतीचं मखर, बंद पडलेला मिक्सर आणि अगदी मागं, जुन्या साडीत बांधलेलं मुलांच्या अभ्यासाचं एक गाठोडं. बाकीच्या वस्तूंचं काय करायचं हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. पातेली कार्याला खाली येतात, मिक्सर कधीतरी भंगारवाल्याकडे जातो. गाठोडं मात्र दर दिवाळीला खाली उतरतं, आपण ते सोडतो, त्यातलं एखादं पुस्तक हातात घेऊन अर्धा तास बसतो आणि पुन्हा बांधून होतं तिथं ठेवतो. खरं की नाही?

माझ्याकडे तर गाठोडं नव्हे, अख्खी शाळाच होती. पत्र्याच्या दोन ट्रंका आणि चार खोकी! ती कशी जमली, ते आधी सांगते.

माझी लेक २०१९ च्या जूनमध्ये पहिलीत गेली. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी उठली ती डोळे सुजवूनच. आधी वाटलं, डास चावला असेल. दोन दिवसांत चेहरा सुजला, मग पाय. तपासण्या झाल्या आणि ‘नेफ्रॉटिक सिंड्रोम’ हे जड नाव आमच्या घरात आलं. ह्या आजारात मूत्रपिंडाच्या गाळणीतून शरीरातली प्रथिनं लघवीवाटे निघून जातात आणि अंगावर सूज येते. औषध म्हणजे स्टेरॉइड. त्यानं सूज उतरते, पण प्रतिकारशक्ती कमी होते. आणि साधी सर्दी झाली तरी आजार उलटू शकतो. पुष्कळ मुलं मोठी होता होता ह्यातून सुटतात, हा डॉक्टरांनी दिलेला दिलासा. पण मोठी होईपर्यंतचे दिवस काढायचे कसे?

तिचा आजार वरचेवर उलटत होता, म्हणून सध्या तिला गर्दीत पाठवू नका, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. मार्च २०२० मध्ये तर करोनामुळं सगळ्यांच्याच शाळा बंद झाल्या. पुढं शाळा उघडल्या, शेजारची मुलं दप्तरं घेऊन जाऊ लागली, आमची मात्र खिडकीत. शेवटी मीच पदर खोचला. बी. ए. ची पदवी लग्नानंतर फायलीत पडून होती, तिला म्हटलं, ऊठ बाई, तुझी गरज लागली आहे.

अशी आमची शाळा स्वयंपाकघरात सुरू झाली, ती साडेतीन वर्षं चालली. सकाळी नऊला कुकर उतरला की प्रार्थना! लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर मी शब्दपट्ट्या केल्या. हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणून त्याची अक्षरं कापली, म्हणजे बोट फिरवून वळण कळावं. खराट्याच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली संख्यावाचनाची नवी रीत आली होती. ‘त्रेसष्ट’ऐवजी ‘साठ तीन’ असंही वाचायचं. तुम्हाला आठवत असेल, त्यावरून केवढा गदारोळ झाला होता, आणि गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी ती बाजू किती शांतपणे मांडली होती. मलाही आधी ते ऐकायला विचित्रच वाटलं. पण काड्यांचे सहा गठ्ठे आणि तीन सुट्ट्या काड्या समोर ठेवल्या, तेव्हा लेक आपणहून म्हणाली, “आई, साठ तीन म्हणजेच त्रेसष्ट!” त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो पदवीच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

ऑगस्ट २०२२ नंतर आजार उलटला नाही. एप्रिल २०२३ मध्ये औषध थांबलं आणि जूनमध्ये लेक पाचवीत, तिच्या वयाच्या मुलींबरोबर बसली. मध्ये शाळा सुटली असली, तरी मुलाला वयानुसार वर्गात घ्यावं, अशी तरतूद २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमात आहे. ज्यांच्या घरी असा प्रसंग असेल त्यांनी हे लक्षात ठेवावं. लेक शाळेत गेली आणि माझी शाळा माळ्यावर.

तिथं ती दोन वर्षांहून अधिक काळ राहिली. “हे केव्हा काढायचं?” असं ह्यांनी दोनदा विचारलं. मी म्हणायची, “लागेल कुणाला तरी.” शेजारणीला सांगायची, “किती कष्टानं केलंय, टाकवत नाही.” दोन्ही कारणं खोटी नव्हती. पण खरं कारण मी कुणाला सांगत नव्हते. मैत्रिणींनो, मला भीती वाटत होती. उद्या ह्या ट्रंका घरातून गेल्या आणि परवा सकाळी लेक पुन्हा डोळे सुजवून उठली तर? मी बी. ए. झालेली बाई, ट्रंकेचा आणि मूत्रपिंडाचा काही संबंध नसतो, एवढं मला कळतं. पण आईचं मन पदवीला विचारून भीत नाही.

ही गाठ सोडवली ती माझ्या सासूबाईंनी. त्या सातवी शिकलेल्या. २०२५ च्या दिवाळीच्या साफसफाईत मी ट्रंकांवरची धूळ पुसून त्या पुन्हा वर सरकवत होते, तेव्हा खालून शिडी धरून त्या म्हणाल्या, “अगं, पोरीचं दुखणं गेलं, तू त्याची उशापायथ्याची भांडी अजून कशाला राखतेस?” मी म्हटलं, “आई, पुन्हा लागलं तर?” त्यावर त्या म्हणाल्या, “लागलंच तर पुन्हा करशील की. काड्या काय, खराट्यात आहेतच. शिकवायचं तर तुझ्या डोक्यात आहे, ट्रंकेत थोडंच आहे?”

मी शिडीवरच थांबले. खरंच होतं ते. पहिल्यांदा सगळं केलं, तेव्हा माझ्याकडे काहीच नव्हतं. आता निदान कसं करायचं ते मला येत होतं. मी ट्रंका खाली घेतल्या.

आता कामाचं सांगते. दोन दिवस आम्ही तिघी वाटणी करत बसलो. तुमच्याकडे अशी शाळा नसेल, पण गाठोडं असेलच, म्हणून आमचा अनुभव सविस्तर लिहिते.

पाठ्यपुस्तकं आधी वेगळी काढली. ‘गरीब मुलांना देऊ’ हा आपला पहिला विचार असतो. पण सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात आणि पुस्तकं बदलतही राहतात. पहिलीची तर २०२५ च्या जूनमध्ये नव्या अभ्यासक्रमाप्रमाणे बदलली. तेव्हा जुनी पुस्तकं कुणाला देणं म्हणजे आपली रद्दी दुसऱ्याच्या घरी ठेवणं. ‘संदर्भाला असू दे’ म्हणावं, तर चालू पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. ती सगळी रद्दीत गेली. रद्दीत घालण्याआधी प्लास्टिकची कव्हरं काढा आणि मुलांचं नाव-पत्ता असलेलं पहिलं पान फाडून घ्या.

गोष्टींची पुस्तकं आणि ‘किशोर’चे अंक ह्यांचं तसं नाही. १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’चा दहा वर्षांपूर्वीचा अंकही मुलं तितक्याच आवडीनं वाचतात. गोष्ट शिळी होत नाही. आमच्या जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाईंना मी आधी फोन करून विचारलं, “काय उपयोगी पडेल?” त्या म्हणाल्या, “गोष्टींची पुस्तकं द्या, वह्यांची कोरी पानं द्या.” हे आधी विचारणं फार महत्त्वाचं. न विचारता नेऊन टाकलेली देणगी घेणाऱ्याला नको म्हणता येत नाही आणि ठेवायला जागाही नसते. अर्धवट लिहिलेल्या वह्यांतली कोरी पानं काढून सासूबाईंनी दाभणानं शिवून नऊ जाड वह्या केल्या.

मणी, चिंचोके, कवड्या, काड्यांचे गठ्ठे आणि पॉलिश पेपरची अक्षरं अंगणवाडीत गेली. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं. महागड्या मॉन्टेसरी साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे, पानं अशा भोवतालच्या वस्तूंवर त्यांनी आणि अनुताई वाघांनी मुलांना शिकवलं. हे मी कॉलेजात असताना वाचलं होतं आणि विसरले होते. अंगणवाडीच्या ताईंच्या हातात डबा देताना ते आठवलं.

पण देण्याआधी दोन गोष्टी जरूर पाहा. बियांच्या डब्यात लाल-काळ्या गुंजा असतील तर त्या वेचून काढा. दिसायला गोजिरवाण्या, पण विषारी. मुलानं चावली किंवा माळेसाठी भोक पाडलेली गुंज पोटात गेली, तर जिवावर बेतू शकतं. माझ्या डब्यात आजोळहून आलेल्या अकरा निघाल्या. दुसरी गोष्ट डांबराच्या गोळ्यांची. कसर लागू नये म्हणून आपण त्या ट्रंकेत टाकतो, पण लहान मुलं त्या गोळ्या खाऊ समजून तोंडात घालतात. गोळ्या शोधून काढून टाका आणि वस्तू चार दिवस वाऱ्यावर ठेवून वास गेल्यावरच द्या. घरात पुस्तकं ठेवायची असतील, तर सुकवलेला कडुलिंबाचा पाला घालावा आणि दिवाळीच्या आधी एकदा सगळी झटकून घ्यावीत. चिंचोके जुने असतील, तर किडे पडलेत का तेही बघा.

सगळं संपत आलं आणि तळाशी ती वही निघाली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. डॉक्टरांनी रोज सकाळी लघवीतली प्रथिनं तपासून लिहून ठेवायला सांगितलं होतं. एका बाजूनं त्या नोंदी आणि वही उलटी केली की लेकीची गणितं. पुढं ‘निल, निल, ट्रेस’, मागं सातचा पाढा. लागोपाठ तीन दिवस ‘तीन प्लस’ आलं की आजार उलटला असं समजायचं. त्या आठवड्यातल्या गणितांचं अक्षर बघा, स्टेरॉइड वाढवल्यावर किरकिर करत, रडत काढलेलं. माझे डोळे भरून आले. लेक म्हणाली, “आई, बघू.” तिनं वही घेतली आणि खाली मांडी घालून गणितं तपासू लागली! दोन चुका सापडल्यावर हसून म्हणाली, “तू ह्याला बरोबर का दिलं होतंस गं?” मी काय सांगणार? त्या दिवशी ‘तीन प्लस’ होतं, म्हणून.

“ही टाकायची?” मी विचारलं. ती म्हणाली, “पुढचं डॉक्टरांच्या फायलीत लाव, पुढं कधी विचारलं तर लागेल. मागचं माझं आहे, ते मी ठरवते.” मग तिनं वही मधोमध उसवली. नोंदींची पानं आजाराच्या फायलीत गेली. ती राखायलाच हवीत, कुठलं औषध किती दिलं हे पुढच्या डॉक्टरांना कळायला नको का? गणितांतलं तिनं एकच पान ठेवलं, बाकीची रद्दीत घातली. कुठलं पान ठेवलं, ते मी विचारलं नाही.

मी स्वतःसाठी काय ठेवलं, असं तुम्ही विचाराल. काड्यांचा एक गठ्ठा. लेक शाळेत गेल्यावर मी जवळच्या एका शाळेत अर्धवेळ शिकवायला लागले. अजूनही जाते. दुसरीच्या वर्गात तो गठ्ठा टेबलावर असतो. त्यातल्या काड्या मोडतात, हरवतात, मुलं घरी नेतात आणि मी खराट्यातून नव्या काढून भर घालते. आता त्यातली एक तरी काडी जुनी उरली असेल की नाही, कोण जाणे!

तेव्हा बायांनो, तुमचं गाठोडं एकदा खाली काढा. एकट्या बसू नका, ज्याचं ते आहे त्या मुलाला शेजारी बसवा. मूल मोठं झालं असेल, तर त्याच्याच हातानं वाटणी करू द्या. आणि एखादी वस्तू हातातून सुटत नसेल, तर ‘लागेल कधीतरी’ असं म्हणण्याआधी स्वतःला विचारा, ही मी कशाच्या भीतीनं धरून ठेवली आहे? उत्तर मोठ्यानं सांगायला नको. आपल्याला कळलं, की पुरे.

आमचा माळा आता रिकामा आहे. सासूबाईंनी तिथं पापडाचे डबे ठेवायला सुरुवातही केली आहे.