टाकी रिकामी की फुल्ल?

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार

राज्योत्सवाची सुट्टी. बेंगळुरूच्या हनुमंतनगरात ज्या त्या रिक्षावर लाल-पिवळा झेंडा. ह्यांनीही कोपऱ्यावरून एक विकत आणून चेतकच्या हँडलला लावला, आणि तिथूनच विषय निघाला. चौदा तारखेला आम्ही लेकीकडे म्युनिकला निघणार ते मार्चअखेर परत येणार. तोवर स्कूटर खाली पार्किंगमध्ये उभी. ह्यांचं म्हणणं, टाकी फुल्ल करायची, कव्हर घालायचं, विषय संपला.

१९९४ सालची ही गाडी. तिला रोज मंडईला, बँकेत, गांधी बाजारात जायची सवय. एवढे दिवस बसून राहणं तिला ठाऊकच नाही.

रात्री लेकीचा फोन. तिच्या शेजाऱ्याने त्याची व्हेस्पा मागच्याच आठवड्यात तळघरात ठेवली म्हणे. जर्मनीत हंगामी नंबरप्लेट मिळते. प्लेटच्या उजव्या कडेला एकाखाली एक दोन आकडे असतात. वर ०४, खाली १० असेल तर गाडी एप्रिल ते ऑक्टोबर रस्त्यावर. कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा. बाकीचे महिने ती सार्वजनिक रस्त्यावर नुसती उभीही करता येत नाही. ह्यांना ते भलतंच आवडलं. "आपलीही मूळची व्हेस्पाच की," म्हणाले. खरंच आहे ते. व्हेस्पावाल्या पियाजिओशी असलेला करार १९७१ साली संपला आणि १९७२मध्ये बजाजने आकुर्डीत चेतक काढली. पुण्याच्या थोरल्या दिरांनी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिलेली. आम्ही घेतली तोवर ते दिवस सरले होते, शोरूममध्ये गेलो आणि चालवत घरी आणली. थोरल्या जाऊबाई अजून मला ते ऐकवतात.

३ नोव्हेंबर, सोमवार

गाडी धुतली. पाय ठेवायच्या जागेवरच्या रबरी पट्ट्यांखाली बोट घातलं तर तांबडा चिखल निघाला. पत्रा सडतो तो तिथेच. पट्ट्या उचलून, जुन्या दातांच्या ब्रशने घासून, कोरडं करून ऑइलचा हात फिरवला. डाव्या डिकीत निघालेली संपत्ती: दोन जुने प्लग, प्लगपाना, पार्ले-जीचा अर्धा पुडा, खूप चिंध्या आणि विद्यार्थी भवनचं एक बिल. बिस्किटं आणि चिंध्या आधी बाहेर काढल्या. उंदरांना पहिलं आमंत्रण त्यांचंच.

५ नोव्हेंबर, बुधवार

त्रिपुरी पौर्णिमा. संध्याकाळी वाती लावायच्या होत्या, म्हणून पेट्रोलचा खेळ सकाळीच उरकून घेतला, तोही खाली उघड्यावर.

टाकी भरून ठेवायची हे ह्यांचं म्हणणं चूक नव्हतं, जुनं होतं. पत्र्याची टाकी अर्धी राहिली की वरच्या मोकळ्या जागेत दमट हवा शिरते, रात्री थंडावली की पाणी सुटतं आणि गंज धरतो. भरलेल्या टाकीत हवेला जागाच नाही. पेट्रोल निव्वळ पेट्रोल होतं तोवर हा सल्ला सोळा आणे खरा होता. आता पाचवा हिस्सा इथेनॉल. त्याची सुरुवातही याच गावात झाली: ६ फेब्रुवारी २०२३ रोजी इथल्या इंडिया एनर्जी वीकमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल निघालं, तेव्हा ते ११ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या ८४ पंपांवर होतं. आज आमच्या पंपावर दुसरं साधं पेट्रोल मिळत नाही.

कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते तेव्हाचं १०० मिलिलिटरचं मोजपात्र माळ्यावर होतं. नळीने टाकीतलं पेट्रोल ९० पर्यंत घेतलं, वर १० मिलिलिटर पाणी घातलं, बूच लावून उलटंसुलटं केलं आणि पायरीवर ठेवलं. आधी सगळं गढूळ. मग हळूहळू दोन थर पडले. पाणी घातलं होतं दहा, खालचा थर मात्र पंचवीसच्या वर गेला! पेट्रोलमधलं इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याच्या गोटात गेलं. वरचा थर टू-टी ऑइलच्या रंगाने हिरवट, खालचा जवळजवळ पांढरा.

ह्यांनी वाकून पाहिलं. मी त्यांना तो पांढरा थरच दाखवत होते. टाकीत पुरेसं पाणी गेलं की हेच घडतं, आणि पेट्रोल कॉक टाकीच्या तळातून ओढतो. चारस्ट्रोक गाडी असती तर धक्के खात बंद पडली असती, एवढंच. आमच्या टूस्ट्रोकला वंगण मिळतं ते पेट्रोलमधूनच, लिटरला २० मिलिलिटर ऑइल मिसळतो ते. ऑइल वरच्या थरात राहणार आणि इंजिनात जाणार खालचं कोरडं पाणी-इथेनॉल. पिस्टन जाम होण्याची याहून चांगली तजवीज नाही.

"सांगली-कोल्हापूरचा ऊस आहे तो," हे म्हणाले, "उगाच नावं ठेवू नकोस."

६ नोव्हेंबर, गुरुवार

ह्यांनी तोड काढली: इंडियन ऑइलचं शंभर ऑक्टेनचं पेट्रोल, त्यात इथेनॉल नसतं, तेच भरू. लिटरला दीडशेच्या वर. पैशांचं काही नाही, एकदाच भरायचं. खरं तर पत्र्याच्या टाकीला हाच उत्तम उपाय, मीही नाही म्हटलं नाही. पण बंद पार्किंगमध्ये भरलेली टाकी महिनोन्‌महिने, वर सात बिऱ्हाडं, आणि शेजारच्या खांबावर कुणीतरी विजेच्या गाडीसाठी ओढलेली चार्जिंगची वायर. तेव्हा रिकामीच.

काढलेलं पेट्रोल द्यायचं कुणाला, हा प्रश्न उरला. ऑइल मिसळलेलं पेट्रोल ॲक्टिव्हात घालता येत नाही, नुसता धूर होईल. पलीकडच्या गल्लीत एकाकडे येझ्दी आहे, म्हैसूरच्या आयडियल जावाची. तिलाही मिश्रणच लागतं. तो आनंदाने डबा घेऊन आला आणि जाताना त्यात आणखी थोडं ऑइल घालणार असं सांगून गेला. त्याच्या गाडीची भूक जास्त आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

मेकॅनिक घरी आला. मूळचा शिवाजीनगरचा, दखनी बोलतो, मला अम्मा म्हणतो आणि ह्यांना साब. आधी कॉक बंद करून इंजिन चालू ठेवलं. दोनेक मिनिटांत आवाज चढला, गुरगुरला आणि विझला. कार्ब्युरेटर कोरडा. त्यात पेट्रोल राहिलं तर उडून जाताना मागे चिकट राळ सोडतं आणि जेटच्या केसाएवढ्या भोकात बसतं. मग टाकीत वाटीभर टू-टी ऑइल ओतून दोघांनी गाडी डावी-उजवी कलवली, म्हणजे आतून सगळीकडे हात फिरला.

पुढचं मी जवळ बसून पाहिलं. त्याने प्लग काढला, भोकातून चमचाभर ऑइल सोडलं आणि किक पायाने न मारता हाताने, सावकाश, तीनदा खाली दाबली. प्रत्येक वेळी भोकातून हलका फुस्स आवाज आणि बोटाला तेलकट वाफ. सिलिंडरच्या भिंतीला तेलाचा पापुद्रा बसला. प्लग परत लावला. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबला, त्याला लांब लाल नाडी बांधून बाहेर लोंबती ठेवली.

क्लचवरून वाद. "खड़ी रही तो प्लेटां चिपक जातीं, अम्मा," म्हणत त्याने क्लच दाबून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने मुठीला बांधला. ह्यांच्या मते वायर ताणली जाईल. वायर जे. सी. रोडवर स्वस्तात मिळते, प्लेटा सोडवायला इंजिन उघडावं लागतं. मी मेकॅनिकच्या बाजूने मत दिलं.

बॅटरीचा त्रास नाही, कारण बॅटरीच नाही. दिवा, हॉर्न सगळं मॅग्नेटोवर.

१० नोव्हेंबर, सोमवार

दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाने प्रेमाने सांगितलं, "अंकल, मी दर रविवारी पाच मिनिटं चालू करून ठेवतो." गोड मुलगा आहे. तरीही नको म्हटलं. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. लांब चालवलं तर सायलेन्सर तापून ते बाहेर पडतं, पाच मिनिटांत आतच राहतं आणि पत्रा आतून खातं. अधूनमधून उगाच सुरू करण्यापेक्षा अजिबात न सुरू केलेली बरी.

त्याच्या स्वतःच्या घरी नवी विजेची चेतक आहे. तीही आकुर्डीची, २०२० साली पुणे आणि बेंगळुरू या दोनच शहरांत पहिल्यांदा विकायला आली. तिलाही लांब सुट्टीवर ठेवायचं तर पथ्य आहेच: बॅटरी पूर्ण भरून ठेवायची नाही, पूर्ण उतरू द्यायची नाही, मध्यावर ठेवून अधूनमधून बघायची. ह्यांनी त्याला हे शिकवायला अर्धा तास घेतला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

विमा जानेवारीत संपतो, आजच भरला. आरसी गेल्या वर्षी पाच वर्षांसाठी वाढवलेली, ती चिंता नाही. एमिशनचं सर्टिफिकेट आम्ही नसताना संपेल. परत आल्यावर पहिली फेरी तिथलीच.

चाकांखाली ठोकळे द्यायचे ठरवलं होतं, म्हणजे टायर एकाच जागी दबणार नाहीत. सेक्रेटरींनी हरकत घेतली. पाण्याचा टँकर आला की पाइप पार्किंगमधूनच ओढतात, तेव्हा गाड्या सरकवाव्या लागतात. तेव्हा ठोकळे रद्द. हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त भरली. मधल्या स्टँडवर पुढचं चाक तसंही अधांतरी राहतं, प्रश्न मागच्याचाच. गाडी हलेल तेवढंच ते फिरेल.

कव्हर प्लॅस्टिकचं होतं. ते आतला दमटपणा बाहेर जाऊ देत नाही, म्हणून आधी जुनी सोलापुरी चादर आणि वरून सैल कव्हर, खालून हवा खेळती.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सोमवारी बसवनगुडीत कडलेकाई परिषे, म्हणजे शेंगांची जत्रा, आम्ही नसणार. शेंगा ठेवायला मेकॅनिकला सांगितलंय.

हँडल लॉक केलं नाही, टँकरसाठी. किल्ली सेक्रेटरींकडे. ह्यांनी पुठ्ठ्यावर मार्करने कन्नडमध्ये "किक् होडीबेडी" लिहून सीटला बांधलं. खाली आमच्यासाठी मराठीत, आल्यावर काय कोणत्या क्रमाने: बोळा काढणे, क्लच सोडणे, टाकीतलं ऑइल गाळून घेणे, प्लग पुसणे, दोन लिटर ताजं पेट्रोल. मी वाचत होते तोवर त्यांनी पेन परत घेतलं आणि "दोन लिटर" खोडून "फुल्ल" केलं.